पीटर जेनिंग्ज नुसता बातम्या वाचणारा माणूस होता का?

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. एबीसी या अमेरिकी टीव्ही वाहिनीचे वृत्तनिवेदक (अँकर) पीटर जेनिंग्ज यांच्यावरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचे दोन आक्षेप आहेत. अँकर म्हणजे प्रॉम्प्टर, म्हणजे समोरच्या पडद्यावर सरकणारा मजकूर, वाचणारा देखणा चेहरा, त्याला परराष्ट्र व्यवहारांचा जाणकार कशाला म्हणायचं, हा पहिला. त्यांचं मध्यपूर्वेचं वार्तांकन अरबांकडे झुकलेलं होतं, हा दुसरा.

पहिला आक्षेप १९६५च्या जेनिंग्जना लागू पडतो. एबीसीने त्यांना अँकरच्या खुर्चीत बसवलं तेव्हा ते २६ वर्षांचे होते, कॅनडातून आलेले, शालेय शिक्षणही अर्धवट. समोर सीबीएस या प्रतिस्पर्धी वाहिनीवर वॉल्टर क्रॉन्काइटसारखा मुरलेला अँकर! टीकाकारांनी तेव्हा तुमच्याच भाषेत लिहिलं होतं. पण १९६८मध्ये ती खुर्ची सुटली आणि ते बातमीदारीकडे वळले. लेबनॉनची राजधानी बैरुतमध्ये त्यांनी एबीसीचं कार्यालय थाटलं. अरब जगातलं अमेरिकी टीव्हीचं ते पहिलं वृत्तकार्यालय.

त्याचा उपयोग कुठे झाला ते म्युनिकमध्ये दिसतं. ५ सप्टेंबर १९७२, ऑलिंपिक ग्राममध्ये इस्रायली खेळाडू ओलीस. जेनिंग्ज कॅमेरा घेऊन त्यांच्या निवासाजवळच दडून राहिले. ओलीस धरणारे हे लोक कोण, त्यांच्या पॅलेस्टिनी गटाचं 'ब्लॅक सप्टेंबर' हे नाव आलं कुठून, १९७०च्या सप्टेंबरात जॉर्डनमध्ये राजे हुसेन यांच्या सैन्याने पॅलेस्टिनी गटांवर काय कारवाई केली होती, हा सगळा संदर्भ त्यांना पाठ होता. असला मजकूर आयत्या वेळी प्रॉम्प्टरवर कोण चढवून देणार?

मग १९७८पासून लंडनहून परदेशच्या बातम्या, आणि १९८३मध्ये पुन्हा मुख्य अँकर. ११ सप्टेंबर २००१ला ते तासन्‌तास थेट प्रक्षेपणावर होते. मध्येच त्यांनी आपल्या मुलांशी नुकतंच बोलणं झाल्याचं सांगितलं, आणि तुमची मुलं दूर असतील तर त्यांना फोन करा, असं आईबापांना सुचवलं. डोळे भरून आले होते. त्या खुर्चीवरून असा सल्ला आम्ही सहसा देत नाही, हेही ते बोलले. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो, कारण इतक्या वर्षांचा संयम अंगी असलेल्या माणसालाच तो नेमका कधी सैल सोडायचा हे कळतं.

आता दुसरा आक्षेप. इस्रायलच्या समर्थकांनी तो त्यांच्यावर आयुष्यभर घेतला, तेव्हा तुम्ही एकटे नाही, आणि अशी तपासणी व्हायलाच हवी. पण १९७४मध्ये त्यांनी अन्वर सादातांवर माहितीपट केला, तेव्हा सादात इस्रायलशी नुकतंच युद्ध केलेले इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष होते. तेच सादात नोव्हेंबर १९७७मध्ये शांततेसाठी जेरुसलेमला गेले. शत्रुपक्षातला माणूस काय विचार करतो हे प्रेक्षकांना आधीच दाखवणं, याला मी झुकाव म्हणणार नाही. ते बातमीदाराचं कामच आहे. बैरुतमध्ये राहून त्यांनी अरबांची बाजू जवळून पाहिली, तिचा ठसा त्यांच्या वार्तांकनावर उमटला, हे मला मान्य आहे.

तुमच्या मनात नेमकं कोणतं वार्तांकन आहे? तुम्ही त्याचा उल्लेख केलेला नाही. तेवढं कळवा, म्हणजे त्यावर मुद्द्याने बोलता येईल.