गिऱ्हाइकालाच घुसखोर म्हणायचं?

"ग्वांगझूत तीन लाख आफ्रिकी घुसले, चिन्यांचा धंदा खाल्ला, 2020 मध्ये चीनने हाकलून दिले. भारतानेही शिकावे!" हा मेसेज बरेच दिवस फिरतोय. मी कानाडोळा करत होतो. काल तो आमच्या मामांनी घरच्या ग्रुपवर टाकला. आणि मामांचा धंदा काय? चीनहून मोबाइलची कव्हरं आणून विकणं!

तीन लाखांचं आधी उरकतो. ग्वांगझू हे दक्षिण चीनमधलं मोठं व्यापारी शहर. तिथल्या प्रशासनानं 2014 मध्ये स्वतः दिलेला तिथल्या आफ्रिकींचा आकडा साधारण 16 हजारांचा होता. बिननोंदीचे धरून दुप्पट करा, तिप्पट करा, तरी तीन लाख होत नाहीत.

पण 'धंदा खाल्ला'? अहो, ग्वांगझूतल्या शाओबेई आणि सानयुआनली या भागांच्या घाऊक बाजारात ही माणसं मुख्यतः माल विकत घ्यायला येतात. हाँगकाँगच्या चायनीज युनिव्हर्सिटीतले मानववंशशास्त्रज्ञ गॉर्डन मॅथ्यूज यांनी या व्यापाऱ्यांमध्ये वावरून त्यांचा अभ्यास केलाय. त्यातून दिसतो तो तुमच्याआमच्यासारखा छोटा व्यापारी. थोडे डॉलर घेऊन येतो. भाषा येत नाही, तर कॅल्क्युलेटरवर आकडे दाबून घासाघीस करतो. आगाऊ रक्कम देऊन ऑर्डर टाकतो आणि उरलेले पैसे मोजण्याआधी खोकी उघडून माल तपासतो, कारण नायजेरियातल्या लागोसला पोचल्यावर बोंब मारून उपयोग नसतो. कंटेनर एकट्याला परवडत नाही, म्हणून चौघं मिळून भरतात. जे तिथे टिकतात ते चिनी शिकतात, गावाकडून येणाऱ्यांना बाजार दाखवतात, मालाची पाठवणी बघतात आणि कमिशनवर जगतात. काहींचं दुकान चिनी बायकोच्या नावावर असतं, कारण नुसतं चिनी मुलीशी लग्न केल्यानं कामाचा परवाना मिळत नाही. यात चिन्यांचं काय खाल्लं? कारखानदार, गाळेवाले, घरमालक, सगळ्यांनी यांच्यावर कमावलंच.

व्हिसा संपल्यावर राहणारे आहेत, नकली ब्रँडचा माल नेणारेही आहेत. मान्य. तो नकली माल बनवतं कोण, हे मामांना मी सांगायला नको.

आता 'हाकलून दिले'. एप्रिल 2020 मध्ये कोरोनाच्या नावाखाली ग्वांगझूत आफ्रिकी भाडेकरूंना घरांतून, हॉटेलांतून बाहेर काढलं. चाचणी निगेटिव्ह आलेलेही रस्त्यावर झोपले. बीजिंगमधल्या आफ्रिकी राजदूतांनी परराष्ट्रमंत्र्यांना निषेधाचं पत्र लिहिलं. मग ग्वांगझू ज्या प्रांतात आहे त्या ग्वांगदोंगनंच आदेश काढला की दुकानं, हॉटेलं, घरमालकांनी परदेशी लोकांशी भेदभाव करायचा नाही. जे चीनला स्वतःला सावरून घ्यावं लागलं, ते भारतानं शिकायचं?

गर्दी त्याआधीच ओसरत होती. 2016 मध्ये नायजेरियाचं चलन नायरा कोसळलं, व्हिसा अवघड झाले, आणि वीचॅट या चिनी मेसेजिंग ॲपवर फोटो बघून घरबसल्या ऑर्डर देता येऊ लागली. तुम्हीही हल्ली कव्हरं तशीच मागवता ना, मामा?