‘पडीक बागा विका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस कोल्हापुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. तालमीच्या ग्रुपवर आला, कॉलनीच्या ग्रुपवर आला, काल तर नातेवाइकांच्या ग्रुपवरही आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: महापालिकेची तिजोरी रिकामी आहे, रस्त्यांची चाळण झाली आहे आणि बागांच्या नावाखाली शहरात मोक्याच्या जागा पडून आहेत. त्या विका आणि त्या पैशातून रस्ते, पाणी करा. फिरायला रंकाळा आहे, विद्यापीठ आहे. तोडलेली झाडं दुसरीकडे लावता येतील. विरोध करतील ते विकासाच्या आड येणारे.

रस्त्यांबद्दलचा संताप खरा आहे, तो मलाही आहे. पण उपाय म्हणून जे सुचवलंय त्यातलं एकही वाक्य तपासाला टिकत नाही. असे मेसेज नुसते फिरून थांबतही नाहीत. उद्या खरोखर विक्रीचा प्रस्ताव आला तर ‘लोकांचीच मागणी होती’ म्हणायला हेच पुढं केले जातात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘जागा महापालिकेची, तिनं विकली तर कुणाचं काय जातं?’

सगळ्यात मोठी गफलत इथंच आहे. उपनगरांतल्या बऱ्याचशा बागा म्हणजे लेआउटमधल्या खुल्या जागा. लेआउट मंजूर करून घेताना जमीनमालकाला ठरावीक हिस्सा मोकळा सोडावाच लागतो. 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत 4,000 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या जमिनीसाठी तो 10 टक्के आहे. मालक जागा सोडतो, पण तिची किंमत सोडत नाही. ती उरलेल्या प्लॉटांच्या दरात येते. ज्यांनी कर्ज काढून, दागिने मोडून प्लॉट घेतले, त्यांनी शेजारच्या बागेचे पैसे तेव्हाच मोजलेत. आपल्या लेआउटचा मंजूर नकाशा एकदा काढून बघा. प्लॉटांवर नंबर असतात, त्या एका तुकड्यावर मात्र नंबर नसतो, नुसतं ‘खुली जागा’ लिहिलेलं असतं. प्लॉट म्हणून ती कधी धरलेलीच नव्हती. महापालिका तिथली राखणदार आहे.

जी जागा खरोखर महापालिकेच्या नावावर आहे, तीही बाजारात उभं राहून विकता येत नाही. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 79 प्रमाणे स्थावर मालमत्ता विकायला सभागृहाची मंजुरी लागते आणि चालू बाजारभावापेक्षा कमी मोबदला घेता येत नाही. विकास आराखड्यात बागेचं आरक्षण असेल तर ते आधी बदलावं लागतं. त्यासाठी प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम 37 खाली राजपत्रात सूचना काढायची, महिनाभर हरकती मागवायच्या आणि मग राज्य सरकारची मान्यता घ्यायची. 2020 च्या नोव्हेंबरात आपल्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढं कित्येक वर्षं प्रशासकच कारभार बघत होते. म्हणून मी आग्रहानं म्हणतो, असा विषय कधीही आला तर तो भर सभेत आला पाहिजे. कुठल्या नगरसेवकानं हात वर केला, हे त्याच्या वॉर्डाला दिसलं पाहिजे.

न्यायालयांनीही हे वारंवार सांगितलंय. बंगळुरूमध्ये बागेसाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला दिली गेली, रहिवासी भांडत गेले आणि 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते वाटप बेकायदा ठरवलं. रुग्णालय चांगलं काम करतं हे खरं, पण ते बागेची जागा घेऊ शकत नाही, असा तो निकाल. लखनौच्या झंडेवाला पार्कमध्ये तिथल्या महापालिकेनं बिल्डरकडून भुयारी बाजार बांधायला घेतला होता. 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो काढून बाग पूर्ववत करायला लावली. आपल्याकडं असं काही झालं तर आधी वकिलांवर खर्च, मग पाडण्यावर खर्च, आणि दोन्ही आपल्याच घरफाळ्यातून.

‘विकून आलेल्या पैशातून रस्ते होतील.’

पदरचं न घालता रस्ते करायचा प्रयोग या शहरानं करून बघितलाय. ठेकेदारानं रस्ते करायचे, बदल्यात त्याला टोल आणि टेंबलाईवाडीतला भूखंड. पुढं काय झालं ते सांगायला नको. सगळं कोल्हापूर रस्त्यावर उतरलं, टोल गेला, पण तो घालवताना ठेकेदाराचं देणं राज्य सरकारला भागवावं लागलं. फुकट काहीच पडलं नाही.

साधा हिशेब करा. डांबरी रस्ता आपल्या पावसात किती टिकतो ते आपण दरवर्षी बघतो. चार पावसाळ्यांनी तो पुन्हा करायचा आहे, तेव्हा कुठली बाग विकणार? दुसरी खाच भावात आहे. आरक्षण असताना त्या जागेला बागेचाच भाव, आरक्षण उठलं की तोच भाव कितीतरी पटीनं वर. आधी विकून नंतर आरक्षण बदललं तर मधला सगळा फरक घेणाऱ्याच्या खिशात. मेसेजमध्ये यावर अवाक्षर नाही.

‘जागा पडीकच आहेत, तिथं दारुडे बसतात.’

काही ठिकाणी बसतात, नाकारत नाही. पण बाग पडीक होते कशी? बोअरची मोटर जळते, ती उन्हाळाभर कुणी बदलत नाही. हिरवळ वाळते. घसरगुंडीचा पत्रा फाटतो, लेकरांचे कपडे अडकतात, आया येणं बंद करतात. दिवे जातात. मग गेटला कुलूप लागतं, आणि कुलूप लावलेल्या बागेत रात्री कोण शिरणार? एक माळी, चालू मोटर आणि चार दिवे यांचा खर्च काढा. तो परवडत नाही म्हणून जमीनच विकायची असेल तर शाळेचं छत गळतं म्हणून शाळाही विकता येईल.

‘बागा जास्त झाल्यात. रंकाळा आहे, विद्यापीठ आहे.’

केंद्राच्या 2014 च्या नगरनियोजन मार्गदर्शिकेत माणशी 10 ते 12 चौरस मीटर मोकळी जागा धरलेली आहे. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 5,49,236 होती. किमान धरलं तरी सुमारे 1,350 एकर होतात. आपल्या बागा, मैदानं मिळून एवढी जागा भरते का, हे मेसेजवाल्यांनी दाखवावं. रंकाळ्याचं पाणी त्यात मोजू नये, आणि विद्यापीठाचे 853 एकर विद्यापीठाचे आहेत. मंगळवार पेठेतली गुडघे दुखणारी आज्जी रोज संध्याकाळी रिक्षा करून रंकाळ्याला जाणार नाही. बाग चालत जाण्याच्या अंतरावर असली तरच ती तिच्यासाठी बाग. शिवाय 1972 मध्ये महापालिका झाल्यापासून हद्दवाढीचं घोंगडं भिजत पडलंय. 66.82 चौरस किलोमीटरमध्ये नवी जागा कुठून आणायची?

‘मोकळ्या जमिनीचा उपयोग काय?’

हा प्रश्न पावसाळ्यात गांधी मैदानावर उभं राहून विचारा. तिथं पूर्वी वरुणतीर्थ होतं. तळं बुजवून मैदान केलं, पण मोठा पाऊस झाला की पाणी तिथंच येऊन थांबतं, चिखलातून खेळपट्टीही दिसत नाही. पाण्याला आपली जागा आठवते. कपिलतीर्थावर भाजी मंडई उभी आहे. तळी आपण आधीच गमावली, आता पाऊस मुरायला उरल्यात त्या बागा आणि मैदानं.

बागा ठेवल्या म्हणून पंचगंगेचा महापूर थांबेल, असं मी म्हणणार नाही. राजाराम बंधाऱ्यावर पाणी 43 फुटांची धोका पातळी ओलांडतं तेव्हा जयंती नाल्याला फुगवटा येतो आणि शाहूपुरी कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नरपर्यंत पाणी चढतं. 2019 आणि 2021 आपण भोगलंय. पण तासाभराच्या ढगफुटीसारख्या पावसात रस्त्याचा ओढा होतो, त्यात शहरात किती जमीन काँक्रीटखाली गेली याचा मोठा हात आहे. बाग विकून तिथं तळघरासह इमारत उभी राहिली की तिच्या वाट्याचं पाणी शेजारच्या घरांत जाणार.

‘झाडं दुसरीकडे लावू.’ टाउन हॉलच्या बागेतल्या जुन्या झाडांखाली उभं राहून हे म्हणून दाखवावं. 50 वर्षांवरच्या झाडांना राज्याच्या कायद्यानं 2021 पासून वारसा वृक्षाचा दर्जा आहे. काठीएवढं रोप त्यांची भरपाई करत नाही.

राहिलं ‘विकासविरोधी’. टोलच्या वेळी हाच शब्द वापरला गेला, तरी लोक हटले नाहीत. विक्रीची किंवा आरक्षण बदलाची सूचना निघाली तर ग्रुपवर भांडत बसू नका, आरक्षण बदलावर हरकत द्यायला महिनाभराचीच मुदत असते. सिटी सर्व्हे नंबर, मंजूर लेआउटची प्रत आणि आपली हरकत साध्या कागदावर लिहून, घरातल्या प्रत्येकाच्या सहीनं वेगळी द्या. नगररचना कार्यालयातून शिक्क्यासह पोच घ्या आणि तिचा फोटो त्याच ग्रुपवर टाका, जिथं तो मेसेज आला होता.