रात्री साडेआठला प्रॅम (बाबागाडी) घेऊन पबात?

आयर्लंडात 15 वर्षांखालचं मूल आईबाबांसोबत असलं तरी रात्री 9 नंतर बारमध्ये चालत नाही. मे ते सप्टेंबर या महिन्यांत रात्री 10 वाजेपर्यंत मुभा. तरी आपली मंडळी साडेआठला प्रॅमसकट हजर! इंग्लंडात तर प्रत्येक पबचं घड्याळ वेगळं. आधी एक फोन करायला काय जातं?

बरं, टेबलावर बसून वेटरची वाट कसली बघता? इंग्लंडात बहुतेक ठिकाणी टेबल नंबर बघून काउंटरवर ऑर्डर द्यायची, पैसेही तिथेच. त्यात दुपारी 3 ते 5-6 किचन बऱ्याचदा बंद. मग धाकटं भुकेनं किंचाळणार, थोरलं डार्टबोर्डखाली रांगणार, बाबांचा बिअरचा पाइंट मात्र अजून अर्धाच! आणि उठायला सांगितलं की, "भारतीय म्हणून हाकललं." अहो, नियम आयरिश पोरांनाही तोच आहे!