खुराड्याला ताडपत्री गुंडाळू नका

थंडी पडली की तो मेसेज पुन्हा फिरायला लागतो. ‘बर्फाळ देशांत कोंबड्या अशाच जगवतात’ असं सांगून पाच उपाय दिलेले असतात: खुराडं चारी बाजूंनी ताडपत्री-गोणपाटानं बंद करा, रात्रभर बल्ब लावा, तुऱ्याला व्हॅसलीन चोळा, नुसता मका घाला आणि पाण्यात थोडी दारू टाका. वर धमकी, ‘नाहीतर एका रात्रीत सगळ्या मरतील’. आमच्याकडे सोलापुरात घरामागे चार-सहा कोंबड्या पाळणारे पुष्कळ, आणि हे वाचून ताडपत्री आणायला धावणारेही पुष्कळ.

आधी थंडी किती ते बघा. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत आपल्याकडे पहाटेचा पारा बहुधा १४-१६ अंशांवर असतो. एखाद्या लाटेत तो १०-११ पर्यंत उतरतो. कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या आसपास. रात्री ती पिसं फुगवून त्यांत हवा धरून ठेवते, पाय पोटाखाली घेते आणि शेजारणीला चिकटून बसते. धडधाकट मोठी कोंबडी, गावरान असो की गिरिराज, वनराजसारख्या सुधारित जातीची, ही थंडी आरामात काढते.

सगळ्यांत घातक सल्ला खुराडं बंद करण्याचा. बर्फाच्या देशांतले जाणते लोकसुद्धा ते हवाबंद करत नाहीत, उलट छताखाली फटी मुद्दाम ठेवतात. कोंबड्यांच्या श्वासातून रात्रभर वाफ निघते, आणि विष्ठेत चारातले तीन हिस्से पाणीच असतं. हवा खेळली नाही की हा ओलावा आत कोंडतो, विष्ठेतून अमोनिया सुटतो, डोळे चुरचुरतात, श्वासनलिका सुजते. मग कोंबडी खरखरायला लागली की मालक म्हणतो, थंडी बाधली! सकाळी खुराड्याचं दार उघडून कोंबडीच्या उंचीला वाकून वास घ्या. डोळ्यांत झणझणलं तर ताडपत्री तेव्हाच काढा. ज्या बाजूनं वारं येतं तिथं बसलेल्या कोंबडीच्या उंचीपर्यंत आडोसा करा, वरचा भाग उघडा राहू द्या. खाली भाताचं तूस किंवा शेंगांची टरफलं पसरा, ओली झाली की बदला. बस.

बल्बाचं म्हणाल, तर घरोघरी आता एलईडी आहेत आणि त्यांची ऊब जवळजवळ शून्य. जुना पिवळा बल्ब तापतो खरा, पण तूस, कडबा, कोळिष्टकं असलेल्या जागी तो लोंबकळत ठेवणं म्हणजे आगीला आवतण. परदेशात उबेच्या दिव्यांनी खुराडी जळतात ती याच कारणानं. अपवाद एकच, पिल्लं. त्यांना पहिल्या आठवड्यात ३२-३५ अंशांची ऊब लागतेच आणि ती दर आठवड्याला थोडी थोडी कमी करायची असते. मोठ्या कोंबडीला अंड्यांसाठी उजेड लागतो हेही खरं. भरपूर अंड्यांसाठी दिवस १४-१६ तासांचा हवा. टोरांटोत डिसेंबरचा दिवस नऊ तासांवर येतो, आपला अकराच्या खाली जात नाही. अंडी थोडी कमी होतील, होऊ द्या. पिसं झडत असतील तर तिला विश्रांतीच हवी असते.

व्हॅसलीनबद्दल फार बोलण्यासारखं नाही. तुरा गोठायला पारा शून्याखाली जावा लागतो. सोलापुरात तो जात नाही.

मका मात्र सोडून द्यायचा मुद्दा नाही, कारण त्यात अर्धं सत्य आहे. संध्याकाळी पोटभर दाणे टिपलेली कोंबडी रात्री ऊब धरते, पण हे कुठल्याही दाण्यानं होतं. आपली ज्वारी त्यासाठी उत्तम. नुसत्या मक्यात प्रथिनं ९ टक्क्यांच्या आसपास, अंड्यावरच्या कोंबडीला लागतात १६-१८. पिसं येताना गरज आणखी वाढते, कारण पीस म्हणजे बहुतेक प्रथिनंच. मक्यावर ठेवलेली कोंबडी चरबी धरते आणि अंडी बंद करते. दिवसभर खाद्य, जोडीला शेंगदाण्याची पेंड आणि शिंपल्यांचा चुरा, संध्याकाळी मूठभर ज्वारी, एवढं पुरे.

दारूनं रक्तवाहिन्या सैल होतात आणि अंगातली ऊब बाहेर पडते. ज्याला हवी त्यानं स्वतः प्यावी, कोंबडीला पाजू नये.

थोड्या दिवसांत खुराडं खरंच रिकामं करणारी गोष्ट म्हणजे राणीखेत हा कोंबड्यांचा साथीचा रोग, आणि मेसेजमध्ये लसीचा ‘ल’ही नाही. आठवड्याच्या पिल्लाला लासोटा लसीचे थेंब, आठ आठवड्यांनंतर आर-टू-बी लसीचं टोचण, ही साधी गोष्ट पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारली तरी कळते. लस आणताना बर्फाचा थर्मास न्या. उन्हात हिंडवलेली लस पाण्यासारखीच.

गोणपाटं आणलीच असतील तर फेकू नका. कोंबडीला घाम येत नाही, ती फक्त धापते, आणि मे महिन्यात पारा ४३-४४ वर गेला की सोलापुरात कोंबड्या खरोखर मरतात. तेव्हा दुपारी हीच गोणपाटं ओली करून उन्हाच्या बाजूला टांगायची आहेत.