पोरगं हुशार आहे का? बोट लावा, कळेल

पालकहो, आपल्या घरात विलक्षण बुद्धीचं मूल आहे का, हे ओळखणं जोखमीचं काम. ते स्वतः करू नका. गेल्या शनिवारी पालकसभा म्हणून बोलावून एका शाळेनं आम्हाला हॉलमध्ये कोंडलं, तेव्हा हे ज्ञान मिळालं. ते तुमच्यापर्यंत पोचवणं माझं कर्तव्य.

मुलाकडं बघत बसू नका. बघितलं की नसत्या गोष्टी दिसतात.

प्रश्न विचारायला लागलं की हातात मोबाइल द्या.

शिष्यवृत्तीच्या क्लासला पहिलीपासूनच घाला. जागा भरतात.

आणि मुख्य म्हणजे, बोटांचे ठसे द्या. टायवाल्या सरांनी पडद्यावर रंगीत मेंदू दाखवून सांगितलं की दहा बोटं मशिनवर दाबली की मूल डॉक्टर होणार, कलेक्टर की गायक, ते टक्क्यांत बाहेर येतं. फी साडेतीन हजार, आजच भरली तर अडीच. लगेच रांग! नळाला पाणी पाच दिवसांआड आलं तरी आपल्याला चालतं, पण पोराचा मेंदू आजच्या आज मोजून पाहिजे. एका मुलीच्या बोटांना डब्यातल्या शेंगाचटणीचं तेल, मशीन काही घेईना. सरांनी स्वतःच्या रुमालानं बोटं पुसली आणि बुद्धी परत दाबली.

तेवढ्यात दुसरीतलं एक पोरगं म्हणालं, "सर, रेषा उद्यापण ह्याच राहणार ना? मग मी लई अभ्यास केला तरी टक्के तेवढेच?" सर हसले. बापानं दंडाला चिमटा काढला, "गप बस बे, मोठ्यात बोलू नको." आणि पैसे भरले. हुशार पोरगं शोधायला भरलेल्या त्या हॉलमध्ये हुशार पोरगं सापडलं होतं हो, बापानंच त्याला गप्प केलं!

बोटांवरच्या रेषा आईच्या पोटातच ठरतात, त्यांवरून बुद्धी कळत नाही. या चाचणीला शास्त्रीय आधार नाही, हे मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं, इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनं, 2019 मध्येच सांगितलंय. पण त्यांच्याकडं रंगीत फाइल नाही ना! बरं, खऱ्या चाचण्याही चुकतात. अमेरिकेत लुईस टर्मन या मानसशास्त्रज्ञानं 1921 मध्ये बुद्ध्यंकावरून असामान्य मुलं निवडायला घेतली. त्यात विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ ही दोन पोरं निवडली गेली नाहीत. पुढं दोघांनाही भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आणि टर्मननं निदान प्रश्न तरी विचारले होते.

मार्कांवर जा म्हणाल, तर आमच्या ओळखीची एक तिसरीतली मुलगी आहे. घरी तेलुगू, गल्लीत हिंदी, शाळेत मराठी. आजी विड्या वळते. हजारामागं मजुरी किती, खराब म्हणून बाजूला काढलेल्यांचे किती कापले, हे ती तोंडी सांगते आणि कारखान्यातला हिशोब चुकला की पकडते. प्रगतिपुस्तकात शेरा काय? 'शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे.' बाप तेवढंच वाचून तिला रागावतो.

अहो, साठ पोरांच्या वर्गात बाईंना हे कुठून दिसणार? त्यांना दिसतं ते लवकर गणित संपवून शेजारच्याला चिमटे काढणारं पोरगं. त्याला वात्रट म्हणतात, कोपऱ्यात बसवतात. ते घरी घड्याळ उघडून बसतं, एकाच गोष्टीमागं तासन्‌तास लागतं, न शिकवता वाचायला लागलेलं असतं, हे तुमच्याशिवाय कोण बघतं? मग ते शाळेत जाऊन सांगायचं कुणी, त्या मशीनवाल्यानं? बाईंना म्हणायचं, याला पुढचं काहीतरी द्या, हा वर्गात कंटाळतो. पालकसभेत हे बोलताना मी एकालाही ऐकलेलं नाही. तुम्ही काय विचारता? "बाई, अर्धा मार्क कुठं गेला?"

अडीच हजार भरायला वेळ आहे तुम्हाला. पोरगं बोलत असताना त्याच्या तोंडाकडं बघायला नाही. लाज वाटू द्या जरा.