ब्लाउजचं माप काय गेटवर घेऊ?

सोसायटीच्या ग्रुपवर फर्मान आलंय. राहत्या फ्लॅटमध्ये व्यवसायानिमित्त येणाऱ्या बाहेरच्या व्यक्तींना प्रवेश बंद. ग्राहकांशी देवाणघेवाण गेटवर करावी. खाली हात जोडलेले दोन इमोजी.

गेटवर? अहो, मी ब्लाउज शिवते! वॉचमनच्या केबिनला पडदा लावू, की त्यालाच टेपचं दुसरं टोक धरायला सांगू? तेही ऐन लग्नसराईत.

म्हणे हा निवासी झोन आहे, नियमात बसत नाही. कुठल्या नियमात? मुंबई सोडून बहुतेक राज्याला लागू असलेली २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली उघडून तरी बघा. निवासी भागात काय चालतं त्याच्या यादीत घरगुती व्यवसाय आहेत, आणि त्यात शिवणकाम, भरतकाम चक्क नाव घेऊन लिहिलंय. अटी काय, तर काम घरच्याच माणसांनी करायचं, पगारी माणूस ठेवायचा नाही, मोटर असेल तर विजेचा भार ०.७५ किलोवॅटच्या आत. माझ्या शिलाई मशीनची मोटर त्याच्या आसपासही जात नाही. सेक्रेटरींच्या ओट्यावरचा मिक्सर मात्र जात असेल!

हे प्रिंट काढून दिलं तर सेक्रेटरी म्हणतात, "ते ठीक आहे हो ताई, पण गिऱ्हाइकांनी वर यावं असं कुठे लिहिलंय?" मग फॉल-पिको केलेल्या साड्या काय बाल्कनीतून खाली सोडू?

आणि ए विंगमधले सीए? रिटर्न भरायची तारीख जवळ आली की व्हिजिटर पार्किंगमध्ये त्यांच्याच क्लायंटच्या गाड्या. तिथे झोन आठवत नाही कुणाला. ते कमिटीवर आहेत ना! सुरक्षेचं म्हणाल, तर रात्री बारा वाजता बिर्याणी घेऊन कुणीही अनोळखी मुलगा दहाव्या मजल्यावर जातो. भर दुपारी पिशवीत अस्तर घेऊन आलेल्या काकूंनी मात्र लिफ्ट झिजते.

कहर म्हणजे फर्मान आलं त्याच संध्याकाळी सेक्रेटरींच्या मिसेस दारात. "अगं, परवा भाचीची हळद आहे, तेवढं फिटिंग करून दे ना."

दिलं करून. पैसे मात्र पूर्ण घेतले, अर्जंटचे धरून. आणि येत्या सभेत मी लेखी मागणार आहे, हा ठराव कधी झाला, कुणी मांडला, मिनिट्स कुठे आहेत. तोवर माझ्या बायका लिफ्टनंच वर येणार.