चीनचा शेतकरी ‘दुसऱ्या क्रमांकावर’, म्हणून सुखी?

‘प्राचीन चीन : जगातला सर्वांत न्यायी समाज’ हा मेसेज भाचीच्या स्पर्धा परीक्षेच्या ग्रुपवर आला आणि तिने तो नोट्समध्ये उतरवूनही घेतला. म्हणून हे लिहिणं भाग आहे. मेसेजमधले दावे असे : समाजाची उतरंड विद्वान, शेतकरी, कारागीर, व्यापारी अशी होती, शेतकऱ्याचा मान दुसरा, म्हणून तो सुखी, व्यापारी तळाला, म्हणून दरिद्री, कन्फ्यूशियसच्या काळापासून सरकारी परीक्षा सर्वांना खुली, आणि घरोघरी भात नि चहा.

‘मान दुसरा, म्हणून सुखी’ हे वाक्य सगळ्यात संतापजनक आहे. कारण त्या शेतकऱ्याचा जमाखर्च लिहिलेला सापडतो. इतिहासकार बान गूने इ.स.च्या पहिल्या शतकात हान राजवंशाचा (सुरुवात इ.स.पू. 206च्या सुमारास) इतिहास लिहिला. त्यातल्या अन्न आणि पैसा या विषयावरच्या प्रकरणात हानच्या आधीच्या वेइ राज्याचा मंत्री ली ख्वेइ याचा हिशेब दिला आहे. पाच माणसांचं कुटुंब, 100 मू जमीन, म्हणजे आजचे पाच एकर धरा. मूला दीड शी धान्य, एकूण 150 शी. (एक शी साधारण 20 लिटरचं माप.) दहावा हिस्सा करात गेला, उरले 135. माणशी महिना दीड शी खायला, म्हणजे वर्षाचे 90. उरलेले 45 शी 30 नाण्यांच्या दराने विकले की 1350 नाणी. देवकार्य आणि सणांना 300. कपडे माणशी 300, म्हणजे 1500. तूट 450 नाण्यांची. आजारपण, मयत आणि सरकारची जादा वसुली यात धरलेलीच नाही! शिवाय खाण्याचं धान्य सालासकट मोजलेलं आहे. ते कांडून साल काढली की पाच मापांची तीनच उरतात.

तूट कशी भरायची? त्याच प्रकरणात हान दरबारातल्या छाओ त्सो या अधिकाऱ्याचं निवेदन आहे. वसुली अचानक आली की ज्याच्याकडे माल आहे तो निम्म्या भावाने विकतो; ज्याच्याकडे नाही तो दुप्पट फेडीच्या बोलीवर कर्ज काढतो. मग शेत जातं, घर जातं, शेवटी पोरं विकली जातात. ही पोरं विकत घेणारा आणि कर्ज देणारा कोण, हे मेसेज लिहिणाऱ्याने एकदा शोधावं.

दुप्पट वसूल करणारे हे मोठे व्यापारीच, असं छाओ त्सो सांगतो; म्हणजे ‘व्यापारी दरिद्री’ हा दावा इथेच मिटतो. हान वंशाच्या संस्थापकाने त्यांना रेशीम नेसायला आणि रथात बसायला बंदी केली होती, हे खरं. पण छाओ त्सोच्या काळापर्यंत ते रेशमातच वावरत होते. कायदा व्यापाऱ्याला हलका मानतो आणि तो श्रीमंत आहे, शेतकऱ्याला मान देतो आणि तो गरीब आहे, असं छाओ त्सोने सम्राटालाच सुनावलं. ही उतरंड जन्माने पक्की नव्हती, एवढं मात्र मान्य करायला हवं. लुओयांगच्या व्यापाऱ्याचा मुलगा सांग होंगयांग पुढे साम्राज्याचा अर्थकारभार पाहू लागला.

भात-चहाबद्दल फार लिहीत नाही. उत्तरेत राळा आणि वरी खात, भात यांगत्सेकाठचा. चहा घरोघरी पोचला तो थांग काळात (इ.स. 618 ते 907).

आता परीक्षा. कन्फ्यूशियस इ.स.पू. 479 मध्ये वारला. परीक्षापद्धती सुरू झाली स्वेइ काळात, इ.स. 600च्या सुमारास. मधली हजार वर्षं कुठे गेली? हान काळात इ.स.पू. 134 पासून प्रांताधिकारी माणसांची शिफारस करत, म्हणजे ओळखपाळख आलीच. थांग काळात व्यापाऱ्यांच्या मुलांना बंदी होती, आणि बायकांना परीक्षा कधीच खुली नव्हती. सोंग काळात (इ.स. 960 ते 1279) उत्तरपत्रिकेवरचं नाव झाकत आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कारकुनांकडून ती पुन्हा लिहून घेत. ही व्यवस्था खरोखर चांगली होती. पण तिथवर पोचायला ग्रंथ वर्षानुवर्षं पाठ करावे लागत, आणि तेवढी वर्षं मुलाला शेतातून मोकळं ठेवणं बहुतेक घरांना परवडणारं नव्हतं.